माफी

बाबांना परवाना लागत नाही.
सन ऐंशीच्या आधी जन्मलेल्यांना
नॉर्वेच्या कायद्यानं माफी आहे,
आणि बाबा तर त्रेपन्नचे.
"कॉड माशाकडे कुणी मागितला कागद?"
म्हणत टर उडवायचे माझ्या वर्गाची,
अग्निशमन केंद्राच्या वरच्या खोलीत मी
सोळा वर्षांच्या पोरांना
लाल खांब, हिरवा खांब शिकवायचे तेव्हा.

सप्टेंबरात, वारा नसताना, लख्ख उजेडात
त्यांनी बोट घातली
फ्योर्डच्या तोंडाशी, त्याच खडकावर
ज्याला आजोबा म्हातारी म्हणत.
शेजारचा तोर्गिल्स पुढच्या फळीवर बसला होता.
त्याचा उजवा हात अजून
खांद्याच्या वर जात नाही.
कुणी काही विचारलं नाही.
तोर्गिल्सनंही नाही.

आज मागच्या बाकावर बाबा.
मासे चिरायच्या सुरीनं तासलेली पेन्सिल.
प्रश्न सातवा: समोरासमोर दोन बोटी. काय कराल?
पोरं खुणा करून मोकळी.
बाबांनी चौकटी सोडून समासात लिहिलं,
ओळखीचा असला तर हात करतो.
मग खोडलं.
इतकं खोडलं की भोक पडलं.

मान खाली घालूनच म्हणाले,
"बाई, दुसरा कागद द्या."