निधान

बावीस वर्षं उद्यमबागेत मी कोअर केले.
कोअर म्हणजे वाळूचा गड्डा,
साच्याच्या पोटात ठेवतात,
रस थिजला की ठोकून ठोकून काढतात.
उरतं ते भोक.
व्हॉल्व्हचं, पंपाचं, कुठल्या तरी ट्रॅक्टरच्या नरड्याचं
आतलं रिकामपण, तेवढं माझं.
ओतायची वेळ झाली की सुपरवायझर ओरडायचा,
बायका पिवळ्या रेघेच्या मागं!

आता पिरनवाडीत, न्हाणीच्या मागं,
रेघ कोण मारणार?
ऑइल पेंटचा वीस लिटरचा पत्र्याचा डबा,
खानापुरास्नं आणलेली कुंभाराची माती,
वाळू, आणि गिरणीतला भाताचा कोंडा.
कोंडा जळून जातो, मातीत बारीक भोकं ठेवतो,
त्या भोकांत ऊब अडकते.
(हे मला कुणी शिकवायला नको होतं.)
खालच्या अंगाला पाईप घातला, तिरका,
म्हणजे जाळ भिंतीला धरून गरागरा फिरतो.
वारं द्यायला सुमित्राच्या पार्लरातला
केस वाळवायचा जुना ड्रायर.
मूस तेवढी विकतची.

"काय करूलालीस गे?" नवरा विचारतो.
भट्टी.
"कशाला?"
ह्याचं उत्तर मला अजून आलेलं नाही.

शेजारचे इराप्पा कम्मार, हात थरथरतात आता,
मराठी समजतं, बोलतात कानडी.
लिंपण ओलं असताना मी काडी लावायला गेले
तर कुंपणावरनं म्हणाले,
निधान, अक्का, निधान.
म्हणजे हळू.
आमच्याकडं निधान म्हणजे पुरून ठेवलेलं धन.
मी दोन्ही ऐकलं.
आठ दिवस सावलीत. मग रोज सांजेला
चार काटक्यांचा जाळ, मग सहा काटक्यांचा.
भिंतीतनं वाफ निघत राहिली,
जसं कुणी झोपेत बोलतंय.
एक चीर गेली, करंगळीएवढी. तिथं परत माती थापली.

रविवारी लोणारी कोळसा भरला.
स्कूटरचे तीन पिस्टन, एक चेपलेलं पातेलं.
पातेलं आधी गेलं. पिस्टन हट्टी.
मळी बाजूला केली चमच्यानं
(चमचा आधी तापवून, थेंबभर ओल असली तर रस अंगावर येतो),
आणि खाली दिसला तो.
पारा नव्हे, दूध नव्हे.
बावीस वर्षं वीस फुटांवरनं पाहिलेला
लांबनं, पाठमोरा.

नमुना काय, तर बटाटा.
घरात तेवढाच गोल होता.
उभा कापला, वाळूत दाबला, अलगद काढला,
खळगा दिवा लावून सुकवला.
पहिला ओत अर्ध्यातच थिजला.
फेकला परत मुशीत, तोंडानं काही न बोलता.
दुसऱ्यांदा हात थांबला नाही.

वाळू फोडली तर डोळेसुद्धा उतरलेले,
कोंब फुटायची जागा,
सालीवरची नखाची खूण.
कोअर नाही, भोक नाही,
हिकडनं तिकडं नुसता भरीव.

इराप्पांनी हातावर घेऊन जोखला.
नवऱ्यानं विचारलं, ह्याचा उपयोग काय?
तिन्हीसांजेला वारं सुटलं तेव्हा
न्हाणीचं दार आपटायला लागलं.
मी उठले नाही.
अजून गरम होता तो. मांडीवर होता.