नाव न घेता

पोर्टलंडच्या खाणीत एका जनावराचं नाव घेत नाहीत.
नावं मात्र ठेवतात, हवी तितकी:
लांबकान्या. टुणटुण्या. बिळातलं बकरं.

सांगतात ते असं, की
कडा सुटायच्या आधी त्याला कळतं.
पोटाखालची माती हलकी झाली
की ते बाहेर पडतं, शेपटीचा पांढरा ठिपका दाखवत पळतं,
आणि त्याच्यामागून दगड.
म्हणजे बिचारं सांगायलाच येत असणार.
पण बातमी आणणाऱ्याला धरायची जगाची रीत,
तो नाही सापडला तर त्याच्या नावाला.

मी इथली सुरक्षा अधिकारी.
भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवते,
दर सोमवारी बघते तडकल्यात का.
एप्रिलच्या अहवालात लिहावं लागलं:
उत्तरेकडच्या मातीत बिळं, एकोणतीस.
बिळं कुणाची, असाही रकाना होता.
मी भरला.
आणि सकाळच्या बैठकीत वाचून दाखवला,
मोठ्यानं, एकेक अक्षर सुटं करून.
(खोटं कशाला बोलू, मजाही वाटत होती.)

कुणी काही बोललं नाही.
विल्फ्रेड ॲटवुलनं उरलेला चहा गवतावर ओतला,
डब्याचं झाकण लावलं, टोपी घातली.
त्याच्यामागून बाकीचे सात.
क्रेनचा हात दिवसभर तसाच वर,
उत्तर येतंय पण कुणी विचारत नाही
अशा पोरासारखा.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, पडला का कडा?
"नाही."
मग?
"आम्ही कुठं होतो खाली, पडायला."
असल्या उत्तराला भेगच नसते.
काचेची पट्टी चिकटवायची कुठं?

मी हिशोब मांडला. आठ जणांची दिवसाची रोजी,
गुणिले वर्षातले असले दिवस,
बुडालेल्या पैशात नवीन हेल्मेटं किती आली असती.
विल्फ्रेडनं ऐकून घेतलं.
"माझा विश्वास आहे असं कोण म्हणालं तुला?
थोरला गेला, त्या सकाळी
कुणीच ते नाव घेतलं नव्हतं.
मी विचारलंय. एकेकाच्या घरी जाऊन,
दारात उभं राहून विचारलंय."
मग हातमोजे चढवत,
"पण दगडाखाली हात आहे ना, बाई.
ज्याचा असतो, तो जपूनच बोलतो."

मी काही कानाला खडा लावला नाही.
अहवालात तो शब्द आहे, चार वेळा, खाली माझी सही.
उत्तरेची बाजू बंद केली, दोर बांधला, पाटी लावली.
सगळे खूश. त्यांच्या मते शब्द बाधला,
माझ्या मते माती भुसभुशीत.
दोर एकच, आणि तो तेवढाच घट्ट.

परवा रात्री लेक मांडीवर होती.
जाड पुठ्ठ्याचं चित्रांचं पुस्तक, कोपरे चावलेले.
मांजर, म्हणाली. गाय. बदक.
पुढच्या पानावर ते बसलेलं,
निळं जाकीट घालून, हातात गाजर.
खिडकीतून खाणीचे दिवे दिसत होते.
माझा धाकटा भाऊ, जेथ्रो,
या आठवड्यापासून पहाटेच्या पाळीला आहे,
सगळ्यात खालच्या थरावर.

बोट ठेवून तिनं विचारलं, हे काय?

मला थरांचा कोन ठाऊक आहे. पाणी कुठून झिरपतं तेही.
दोन वर्षांच्या पोरीच्या खोलीतला आवाज
चुनखडीपर्यंत पोचत नाही,
हे मी कागदावर सिद्ध करून देईन.

"गाजर," मी म्हणाले.

तिनं माझ्याकडे पाहिलं.
मग बोट हळूच वर सरकवलं,
कानांपाशी.