विकायच्या खुर्चीत

विकायच्या खुर्चीत घरच्यांनी बसायचं नाही,
हा धाकोजी चुरींचा पहिला नियम.
वेत शरीर लक्षात ठेवतो, म्हणायचे,
गिऱ्हाईक टेकलं की त्याला कळतं
आधी कोण बसून गेलंय.
म्हणून ठाकूरद्वारच्या दुकानात
आम्ही चार पिढ्या स्टुलावर.

पणजोबा बोटीवर कारकून.
सिंगापूरहून थकलेल्या पगाराऐवजी
वेताच्या अकरा मोळ्या घेऊन उतरले,
आणि एक खोकला, जो पुढे कधी गेला नाही.
गोदीतल्या साहेबाने विचारलं, ह्याचं काय करणार?
त्यांनाही माहीत नव्हतं.
पण घाबरलेला माणूस पटकन उत्तर देतो:
खुर्च्या.

पुढचं सगळं त्या एका शब्दाची परतफेड.

पाटीवर ‘चुरी अँड सन्स’ रंगवलं
तेव्हा त्यांना तीन मुलीच होत्या.
रंगाऱ्याने काही विचारलं नाही.
नऊ वर्षांनी आजोबा झाले, त्रिंबक,
पाटी खोटी पडू नये म्हणून जन्मलेले;
आयुष्यभर तसेच वागले.

पेनांगचा माल, जावाचा माल,
गंधकाच्या धुरीचा वास आमच्या कपड्यांना,
लग्नाच्या शालूलासुद्धा.
मग सिंगापूर पडलं
आणि साडेतीन वर्षं एक काडी आली नाही.
आजोबांनी जुन्या खुर्च्या विकत घेतल्या, उसवल्या,
वेत रात्रभर कोमट पाण्यात ठेवला,
पुन्हा विणला.
परळच्या सुईणीच्या बैठकीत
मलबार हिलच्या वकिलाची पाठ.
कुणी तक्रार केली नाही. तेव्हा
पणजोबांचा नियम त्यांना पहिल्यांदा
खोटा वाटला असेल,
बोलले नाहीत.

उरलेली टोकं शाळांना जायची,
डझनावर, वहीत नोंद नसायची.
चौथीत माझ्या तळहातावर वळ उठला.
बाबांनी हात दिव्याखाली धरला,
अंगठ्याने वळाची रुंदी पाहिली.
‘आपला नाही,’ एवढंच म्हणाले,
आणि बराच वेळ हात सोडला नाही.

इनास तुस्कानो वसईहून यायचा,
जन्मापासून दृष्टी नाही.
उभे धागे, आडवे, मग तिरके, मग काठ.
वेत ओला राहावा म्हणून ओठांत धरायचा,
त्यामुळे त्याला काही विचारलं
तर उत्तराला दोन घरं विणून होईपर्यंत थांबायचं.
आम्ही सगळे त्याच्याकडूनच
थांबायला शिकलो.

जावाने कच्चा वेत देणं बंद केलं.
तयारच घ्या, म्हणाले.
मग कंटेनर, न्हावाशेवा, वाफाळणारे पुठ्ठे,
आणि आमच्या हाताला काम उरलं
दोऱ्या कापायचं.
मग तेही वेताचं नसलेलं यायला लागलं,
पावसात न कुजणारं, उन्हात न फाटणारं, तपकिरी.
इनासने बैठकीवरून बोटं फिरवली.
‘ह्याला पाणी पाजायचं नाही?’
नाही, इनासकाका.
ओठांत काही नव्हतं, तरी तो थांबला.
‘मग जगतो कशावर?’

बाबा गेल्यावर माळा आवरायला मी चढले.
कोपऱ्यात एक लांब हातांची आरामखुर्ची,
पायाला सुतळीने बांधलेली चिठ्ठी,
आजोबांचं मोडी वळणाचं अक्षर:
मिस सोहनी. नवी वीण. पैसे पोचले. नेणार.
साल एकोणीसशे अठ्ठावन्न.

खाली आणली. धूळ पुसली.
बैठकीवर पाण्याचा हात फिरवला, तशी
कोरडी वीण हळूहळू ताणली गेली,
झोपेतून कुणी कूस बदलावी तशी.
दुपार होती. रस्त्यावर टेम्पो लागलेला,
इनासचा नातू खुर्च्या उतरवत होता,
एकात एक घातलेल्या, बारा-बारा.

मी बसले.
कर्र झालं, लांबलचक,
आधीचं कुणीच नव्हतं त्यात.

दारातून एका बाईने विचारलं,
ही कितीला?

उठायला हवं होतं. नाही उठले.
‘त्या येणार आहेत न्यायला,’
मी म्हटलं.