बाक

जुन्या जालन्यात, कुंडलिकेच्या पुलाअलीकडे
लतीफचाचा शिकलगारांचं दुकान:
एक ऐरण, एक शेगडा, जाड काचेचा एक तुकडा
आणि धार लावायला आलेल्या शिंप्यांच्या कात्र्या.
मी रोपवाटिकेतून गेले होते,
मोसंबीचे डोळे भरायला चाकू हवा म्हणून.
विकतचा चाकू जंबेरीच्या सालीत शिरताना
जरासा कलतो, डोळा सपाट टेकत नाही.
टेकला नाही की काळा पडतो,
आणि हे कळतं पट्टी सोडताना, तीन आठवड्यांनी.

'मग तूच बनव,' चाचा म्हणाले.

वखारीतून आणलं एक म्हातारं गोल पातं,
आऱ्याचं, दात झिजलेलं.
खडूनं त्यावर चाकू काढला. तो बाहीनं पुसला गेला.
मग खिळ्यानं ओरखडला,
आणि ग्रायंडर सुरू केला.

काय सांगू तो आनंद.
ओढणी कमरेला खोचलेली, डोळ्यांवर चष्मा,
एका दमात पाठ, एका दमात पोट,
रेघेला अगदी चिकटून.
कडेला आधी वाळल्या गवताचा रंग चढला,
मग जांभळा, मग मोरपिशी.
मला वाटलं, किती छान दिसतंय.

चाचांनी तुकडा काचेवर ठेवला,
बोटानं एक टोक दाबलं.
टक्.
दुसरं दाबलं.
टक्.
बसस्टँडवरचं चहाचं बाकडं असंच डुगडुगतं.

'हे पातं ठोकून ठोकून ताणलेलं असतं,
म्हणून फिरताना थरथरत नाही.
तू कापलंस, आतला ताण सुटला.
वरून तापवलंस एकाच कडेनं.
वाकणार नाही तर काय करेल बिचारं?'
बिचारं म्हणाले ते पोलादाला.

दुसऱ्या वेळी आधी भट्टीत लाल केलं,
चुंबक चिकटेनासं होईपर्यंत,
आणि राखेच्या डब्यात पुरून घरी गेले.
रात्री दोनदा जाग आली,
दूध गॅसवर राहिल्यासारखी.
सकाळी राख अजून कोमट होती.

पुन्हा ग्रायंडर. पण आता रेघेपासून
दोन सूत बाहेर; चिमूटभर कापायचं, थांबायचं,
बोट टेकवायचं, चटका बसला की बादलीत.
थोडं या कडेनं, थोडं त्या कडेनं,
दोन्ही लेकरांना सारखं वाढावं तसं.
अर्ध्यावर लाईट गेली.

मी वाट पाहिली. पंधरा मिनिटं. मग अर्धा तास.
चाचांनी काही न बोलता करवत पुढे सरकवली
आणि हातानं फिरवायचं ड्रिल.

करवतीला वळता येत नाही.
म्हणून मुठीच्या वळणावर भोकांची माळ पाडली,
शेजारी शेजारी, भिंत कागदाएवढी ठेवून.
मग भोकातून भोकात.
जाताना जोर, येताना उचलून.
असरची अजान झाली, चाचा नमाजला जाऊन आले,
मी चार बोटं पुढे गेले होते.
'तापलं का?'
'ते नाही. मी तापलेय.'
ते हसले, दात नसलेल्या बाजूनं.

लाईट आली तेव्हा मी करवत सोडली नाही.
हट्ट नव्हता. हाताला लय सापडली होती, एवढंच.

काचेवर ठेवलं.
दाबलं.
आवाज नाही.
डोळा काचेच्या पातळीला आणून पाहिलं:
टोकाखाली उजेडाची एक बारीक रेघ,
'ती कानशीनं जाईल,' चाचा म्हणाले,
'शेगड्यात धरताना फार आवळू नको.'

पहिल्या वाकड्या तुकड्याला
त्यांनी बाभळीची मूठ लावलीय.
रंगाच्या डब्यांची झाकणं उघडतात त्यानं.
त्या कामाला थोडा बाक लागतो.

आणि मी पायरी उतरल्यावर मागून म्हणाले,
'अजून पाणी द्यायचंय त्याला.
तेव्हा वाकतं कधीकधी.'