अजून वैध नाही

पहाटेचे पाच दहा. बर्फाच्या फॅक्टरीवरची खोली.
खाली लाद्या फुटतायत, मिरकरवाड्याच्या धक्क्याला
ओहोटीत बसलेल्या दोन ट्रॉलर एकमेकींना टेकल्यात,
आणि वेबमेलच्या पांढऱ्या पानावर एकच ओळ:
सेवा सुरू होऊ शकली नाही.

का, ते सांगायची पद्धत नाही.
आमचे पिलणकर मॅनेजरही असंच बोलतात.

तय्यब सोलकर दारात उभे. त्यांचा कंटेनर न्हावाशेव्याला,
तेवीस टन माकूळ, उणे अठरावर,
दाखला मेलने आलाय म्हणे, पण मेलच उघडत नाही.
"काय झाला गो, प्रणाली?"
(हो, हेच नाव. सिस्टीम सांभाळणारी प्रणाली.
त्यावरचे विनोद सोसायटीत सगळ्यांचे करून झालेत.)

बघते, म्हटलं.

डिस्क बघितली. एकाहत्तर टक्के. जागा आहे.
मग सापडली कुलपाची फाईल:
रात्री वीज गेली तेव्हा जुना प्रोसेस मेला,
जाताना दाराला कुलूप तसंच ठेवून.
आता नवा येतो, कुलूप बघतो,
आत कुणीतरी आहे असं समजून मुकाट माघारी जातो.
फाईल पुसली. पुन्हा सुरू केलं.
फिरतंय, फिरतंय,
सेवा सुरू होऊ शकली नाही.

पोर्ट बघितला. मोकळा.
बाबांना एकदा सांगितलं होतं, पोर्ट अडकलाय म्हणून आज उशीर झाला.
ते म्हणाले, गाळ काढायला सांग.

मग लॉग. खालून वर वाचायचा असतो तो,
जाळं ओढतात तसा, शेवटचं टोक आधी हातात.
दोनशे ओळी नुसत्या शेवाळासारख्या,
आणि मधे एक जड ओळ:
प्रमाणपत्र अजून वैध नाही.

संपलं नाही. अजून वैध *नाही*.
म्हणजे याच्या मते ते जन्मायचंय.
मी तारीख विचारली.
तो म्हणाला, एक जानेवारी, दोन हजार बारा.

कुठल्याही शंकेशिवाय म्हणाला.

दोन हजार बारा. या खोलीत तेव्हा फाटकी जाळी ठेवायचे.
मी बारावीत होते,
पोर्ट म्हणजे फक्त बंदर होतं,
आणि बाबांची बोट अजून बाबांची होती.
मिनिटभर मीही त्या तारखेकडे बघत बसले.
"प्रणाली," तय्यबभाई म्हणाले, "कंटेनर."

झाकण उघडलं. खारी हवा कुठे कुठे शिरते.
बोर्डावरचा बटणाएवढा सेल हिरवा पडलेला,
तांब्याच्या विसरलेल्या भांड्यासारखा.
वीज असेपर्यंत त्याचं मरण कुणाला कळलंच नव्हतं.
इतक्या पहाटे घड्याळवाला कुठला?
मी तय्यबभाईंच्या हातातल्या चावीकडे बघितलं.
त्यांनी माझ्याकडे बघितलं.
"घे," म्हणाले, आणि गाडीच्या चावीचं पोट
अंगठ्याच्या नखाने स्वतःच उघडलं.

कपड्याने खाचा पुसल्या, सेल बसवला.
मोबाईलमध्ये बघून वर्ष घातलं, महिना, दिवस,
पाच त्रेपन्न.
चौदा वर्षं एका एंटरमध्ये.

वेबमेल उघडलं. कसलाही आनंद न दाखवता.
नाव विचारलं, पासवर्ड विचारला,
जसं काही झालंच नव्हतं.

सोसायटीच्या खात्यात सर्वांत वर, न वाचलेलं,
काल दुपारचं, वीज कंपनीकडून:
आज रात्री अकरा ते पहाटे चार पुरवठा बंद राहील,
ग्राहकांनी उपकरणांची काळजी घ्यावी.
मी ते पिलणकरांना पुढे पाठवलं. वर काही लिहिलं नाही.

दाखला त्याच्याखाली होता. दोन प्रती काढल्या,
दुसरीवर शाई कमी पडली.
तय्यबभाई कागद फुंकत जिना उतरले.

खिडकीतून दिसतात: उजाडलंय,
भरतीचं पाणी पहिल्या ट्रॉलरच्या पोटाला लागलंय.
चालता चालता ते सवयीने गाडीवर चावी रोखून दाबतात.
गाडी ओळख देत नाही.
पुन्हा दाबतात.
मग आठवतं,
आणि वाकून, हाताने दार उघडतात.