बेचाळीस प्लॉट

सात रस्त्यावरून आत वळलं की शिक्षक सोसायटी.
बेचाळीस प्लॉट, प्रत्येकी तीन गुंठे,
बहात्तरच्या दुष्काळात पाया खणलेले.
गिऱ्हाइकाला मी सांगतो, एरिया एज्युकेटेड आहे.
म्हणजे काय, ते कुणी विचारत नाही.
विचारलं तर सांगीन:
इथं भांडणसुद्धा अर्ज लिहून होतं,
घंटागाडीवाल्याला अहो म्हणतात,
आणि रद्दी भरपूर निघते.

माझी आई याच रस्त्यानं जायची,
टोपलीत हजार विड्या, कारखान्यात द्यायला.
मी मागं मागं, पाट्या वाचत:
एम. ए., बी. एड.
एम. एस्सी., सुवर्णपदक.
घरी आम्ही तेलुगू. मराठी अक्षरं मी
या फाटकांवर शिकलो,
टिंबांसकट.

आता डायरी माझ्याकडे.
एकोणीस घरांत एकच माणूस, त्यात सोळा बायका.
अकरा घरांत दोघं, आणि गोळ्यांचा डबा.
चार बंद. किल्ल्या माझ्या खिशात.
उरले आठ:
पाच दवाखाने, दोन क्लास, एक मुलींचं हॉस्टेल.
मुलं पुण्याला, हैदराबादला, डॅलसला.
दोघं सोलापुरातच आहेत,
त्यांच्याविषयी आईबाप जरा हळू बोलतात.

पाट्यांवरच्या पदव्या वाढल्या, खोटं कशाला बोला.
रात्री मोजलीत तर माणसंही वाढलीत,
पण ती सलाईनला लावलेली,
इंडीची, अक्कलकोटची, मंगळवेढ्याची,
आणि बाहेर कट्ट्यावर त्यांचे डबे घेऊन बसलेले.
त्यांना पत्ता विचारला
तर गावाचाच सांगतात.

प्लॉट सत्तावीस. कमलाक्षी हिरेमठ,
संख्याशास्त्र, निवृत्त.
मुलाचा फोन: गड्ड्याला येतोय, तोवर टोकन घेऊन ठेवा.
व्हॅल्युअरनं लिहिलं,
बांधकामाचं आयुष्य संपलेलं. घराचे शून्य रुपये,
जमिनीचे नव्वद लाख.
बाईंनी कागद वाचला, शून्याखाली
पेन्सिलीनं बारीक रेघ मारली, परत दिला.

हाडांचे डॉक्टर बिराजदार भिंतीवर बोटं वाजवत फिरले.
पाणी?
पाचव्या दिवशी.
चालतंय की ओ, बोअर मारू.
बाई म्हणाल्या, खाटा किती?
वीस.
सरासरी मुक्काम?
चार दिवस धरा.
बाईंनी छताकडे बघितलं, तिथं फळा असल्यासारखं.
वर्षाला अठराशे पंचवीस, म्हणाल्या.
इतकी माणसं माझ्याकडे कधी आली नाहीत.
डॉक्टर हसले. बाई हसल्या नव्हत्या.

ते गेल्यावर माझी डायरी मागितली.
सरासरी वय एकाहत्तर कसं काढलंस, अंबादास?
एकेचाळीस जणांचं मिळून, बाई.
हॉस्टेलच्या मुली?
त्या कुठं इथल्या?
झोपतात कुठं?
मी गप्प.
तीस मुली, अठराच्या. धर आणि भाग.
मी मोबाईल काढला. तो खिशात ठेवायला लावला.
घाम फुटला मला. बारावीला गणितातच गेलो होतो.
अठ्ठेचाळीस आणि काहीतरी, म्हटलं शेवटी.
बघ, बाई म्हणाल्या,
बसल्याबसल्या बावीस वर्षांनी उतरलो आम्ही.

टोकनचं मी काढलंच नाही.
तेवढ्यात नळ आला, साडेअकराला, रात्रीचा,
आणि सगळ्या सोसायटीच्या मोटारी एकदम घुमायला लागल्या.
पाण्याच्या दिवशी इथं कुणी कुणाशी बोलत नाही.
बाई पदर खोचून हौदाकडे गेल्या.

मी किल्ल्या घेऊन उठलो.
बंद चार घरांच्या टाक्याही मीच भरतो.
कुणासाठी, ते गिऱ्हाइकाला सांगायचं नसतं.
नळाला पाणी दिसलं की घर जरा जास्तीला जातं,
एवढंच.
अकरा नंबरात टाकी भरेपर्यंत
अंधारात पायरीवर बसलो होतो.
समोरच्या फाटकावरची पाटी पोरांनी दगड मारून पोचवलीय,
बी. गेलंय,
एड. आहे अजून.